जपूनबाईंची पहिली ओळ

जपूनबाईंना हे नाव ऑफिसातल्या पोरांनी ठेवलं, आणि ठेवलं ते अगदी बरोबर ठेवलं. कुणी जिना उतरायला लागलं की "जपून हं", कुणी चहाचा कप उचलला की "जपून, गरम आहे", कुणी नुसती खुर्ची मागे सरकवली तरी यांचं "जपून" ठरलेलं. घरून निघताना गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत जायच्या, आणि बघून आल्यावर आपण खरंच बघितलं का या शंकेनं पुन्हा जायच्या. नवरा खाली स्कूटरवर ताटकळत बसायचा. "अगं, गॅसवर तुझा विश्वास नाही हे समजतं, पण स्वतःच्या डोळ्यांवरही नाही?" असं म्हणायचा, आणि बाई मागे बसल्या रे बसल्या की पुढची सूचना यायच्या आत स्कूटर सुरू करायचा.

आता अशा बाईनं पोटापाण्यासाठी धरलेलं काम ऐका. पूर्वी लोकांना काही अडलं की ते कॉम्प्युटरवर शोधायचे. समोर ढीगभर वेबसाइटी यायच्या, त्यातल्या दोन-चार उघडून वाचायच्या आणि आपलं आपण ठरवायचं. हल्ली तेवढा दम आहे कुणाला? हल्ली लोक फोनला विचारतात आणि फोनमधला एआय सरळ उत्तर देऊन मोकळा होतो. उत्तर दोन ओळींचं. त्याखाली, अगदी बारीक अक्षरांत, ते कुठल्या पानावरून उचललं त्याचं नाव. ते नाव तुमचं असेल तर गिऱ्हाईक तुमचं. नसेल तर तुमची वेबसाइट कितीही नटवा, तिच्याकडे कुत्रं ढुंकून बघत नाही.

तर ते बारीक अक्षरातलं नाव आपल्या गिऱ्हाइकाचं यावं म्हणून त्याच्या वेबसाइटचं एकेक पान घेऊन ते नीट करायचं, हे जपूनबाईंचं काम. ऑफिस एका गाद्यांच्या दुकानाच्या वर होतं. खालून नव्या फोमचा वास यायचा आणि दुपारी सगळ्यांना झोप यायची. एक लांब टेबल, त्यावर कॉम्प्युटर, भिंतीला टेकून उभं केलेलं एक मोडकं कपाट, आणि काचेच्या खोलीत मालक. मालक वयानं बाईंच्या भाच्याएवढा. तो त्यांना बाई म्हणायचा आणि त्याही त्याला अहो-जाहो करायच्या. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येईल.

बाई आल्या तेव्हा त्यांची पानं बघून मालकानं कपाळाला हात लावला होता. प्रत्येक वाक्यात "शक्यतो", "बहुतेक करून", "जाणकाराला विचारून मगच". "बाई, तुम्ही उत्तर देताय की माफी मागताय?" त्यानं विचारलं. मग त्यानं त्यांना धंद्यातली मेख सांगितली. यंत्र घाईत असतं. ते अख्खं पान घेऊन जात नाही, पानातलं एखादं वाक्य उचलतं आणि चालायला लागतं. तेव्हा मथळ्यात लोक विचारतात तस्साच प्रश्न लिहायचा आणि पहिल्या ओळीत उत्तर द्यायचं. वाक्य असं हवं की ते एकटं बाहेर काढलं तरी पुरतं कळलं पाहिजे. आणि एका पानावर एकच प्रश्न. दुसरा प्रश्न आला की त्याला वेगळं पान. दोन प्रश्न एकात कोंबले की यंत्र गोंधळतं आणि शेजारच्याच्या दारात जातं.

बाई शिकल्या. चांगल्याच शिकल्या. जन्मभर चाचरत बोललेली बाई, पण तिच्या हातून अशी ठाम वाक्यं उतरायला लागली की वाचणाऱ्याला वाटावं, लिहिणारा कमरेवर हात ठेवून उभा आहे. कपड्यावरचा डाग असो, नळाची गळती असो, दाराची कुरकुर असो, फोनला विचारलं की फोन बाईंचं वाक्य बोलायचा. त्यांना त्याची मोठी गंमत वाटायची. घरी भाजी चिरताना त्या फोनला उगाचच प्रश्न विचारायच्या आणि आपलंच वाक्य त्याच्या थंड, समजूतदार आवाजात ऐकून गालातल्या गालात हसायच्या. घरात त्यांचं कुणी एवढं ऐकत नव्हतं.

मग गीझरवाले काका आले. गॅसचे गीझर विकायचे, बसवायचे, दुरुस्त करायचे, असा त्यांचा जुना धंदा. त्यांची वेबसाइट त्यांनी स्वतः तोंडानं सांगून कुणाकडून तरी लिहवून घेतली होती, आणि काका बोलायला बसले की थांबायचे नाहीत, तसंच ते लिखाणही थांबत नव्हतं. एक पान ज्योतीबद्दलचं होतं. गीझरची ज्योत सारखी विझते, काय करावं? त्यावर काकांचं म्हणणं असं: ज्योत बहुतेक वेळा वाऱ्यानं विझते. खात्री करायची तर खिडकी लावा आणि पेटवून बघा. टिकली तर गीझर चांगला आहे, त्याची जागा चुकली आहे. पण बाबांनो, खिडकी लावलेली असताना आंघोळीला बसू नका. त्या धुराला वास नसतो, माणूस बसल्या बसल्या पेंगतो तो उठत नाही. बघून झालं की खिडकी सताड उघडा आणि आम्हाला बोलवा, जागा बदलून देऊ.

बाईंनी हे नीट केलं. पहिल्या खेपेला त्यांनी लिहिलं की तपासण्यापुरती खिडकी लावावी, मात्र आंघोळीच्या वेळी ती उघडी असावी. यंत्रानं त्याला हातही लावला नाही. भलत्याच कुणाचं तरी पान उचललं. मालकानं वाक्य वाचलं आणि म्हणाला, "यात दोन प्रश्न आहेत बाई. ज्योत कशी टिकवायची हा एक. आंघोळीला खिडकी उघडी ठेवायची का हा दुसरा. तोडा."

बाईंनी तोडलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. सावधगिरीची सूचना कुठेतरी तळाशी पडून राहण्याऐवजी तिला स्वतःचं आख्खं पान मिळालं. गॅस गीझर चालू असताना बाथरूमची खिडकी उघडी ठेवावी का? हो, नेहमी ठेवावी, नाहीतर जिवाला धोका आहे. ते पान त्यांनी जीव ओतून लिहिलं. आणि पहिल्या पानावर एवढंच राहिलं: "गॅस गीझरची ज्योत वारंवार विझत असेल, तर बाथरूमची खिडकी बंद करा आणि ज्योत पुन्हा पेटवा." दोन पानं, दोन्ही खरी, दोन्ही यंत्रानं उचलली. ज्याला जे विचारायचं ते त्यानं विचारावं. आता, ज्याची ज्योत विझते आहे तो माणूस कुडकुडत उभा राहून दुसरा प्रश्न कशाला विचारेल, हे काही बाईंच्या डोक्यात आलं नाही. मालकाच्याही आलं नाही. त्या धंद्यात माणूस प्रश्न मोजतो, विचारणारा त्याला दिसत नाही.

थंडी पडली तसे काकांचे फोन खणखणायला लागले. एक दिवस दुपारी काका स्वतः केक घेऊन ऑफिसात आले. पोरांनी टेबल मोकळं केलं. मालकानं बाईंना पुढे उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई अवघडून गेल्या आणि सुरी धरणाऱ्या पोराला "जपून" म्हणाल्या, तेव्हा आणखी टाळ्या पडल्या.

काका केक खाता खाता म्हणाले, "एक मात्र नवल आहे हं. दरवर्षी थंडीत ज्योत विझते म्हणून माणसं माझा जीव खातात. यंदा ते फोनच नाहीत. नवीन गीझरचे आहेत, साफसफाईचे आहेत, पण ज्योतीचे नाहीत. लोक म्हणतात, आम्ही आमचं नीट केलं. कसं काय करतात कोण जाणे."

पोरं हसली. मालक म्हणाला, "काका, लोक हुशार झालेत." बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. कशाची ते कळेना. त्यांनी केकची बशी खाली ठेवली आणि पर्समधून फोन काढला, निव्वळ हाताला चाळा म्हणून.

त्यावर धाकटीचा आवाज रेकॉर्ड होऊन आलेला होता. धाकटी म्हणजे त्यांची पाठची बहीण. शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या इमारतीत राहायची, नवरा कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर, घरात ती आणि तिची चार वर्षांची पोर. पोरीला सगळे चिमी म्हणायचे. बाईंनी फोन कानाला लावला.

"ताई, तुझ्या भाषेत सांगायचं तर सगळं जपून चाललंय," धाकटी हसत सांगत होती. "आमचा गीझर बंद पडला होता गं, ज्योतच टिकत नव्हती. चिमीला सर्दी, आंघोळ घालता येईना. शेवटी फोनला विचारलं. म्हणाला, खिडकी बंद करा आणि ज्योत पुन्हा पेटवा. एवढंच होतं बघ. मी आपली मेकॅनिकला बोलावणार होते. आता कसं कढत पाणी येतंय. चिमीला घेऊन बसतेच आत, निवांत शेकून काढते तिला. मग करते तुला फोन."

बाईंना आधी फक्त ते वाक्य आठवलं, शब्दाला शब्द, कारण ते त्यांना घासून घासून पाठ झालेलं होतं. मग त्यांनी धाकटीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. निरोप कधीचा आहे ते बघितलं तर टाळ्या वाजत होत्या तेव्हाचाही नव्हता, त्याच्या बऱ्याच आधीचा होता.

"काय झालं बाई?" काकांनी विचारलं.

"काका, खिडकी लावून आंघोळ केली तर किती वेळात..." बाईंनी विचारलं आणि पर्स उचलली.

काकांचा चेहरा क्षणात बदलला. "कोण बसलंय खिडकी लावून?" ते म्हणाले. पण बाई तोवर जिन्यावर पोचल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा त्या कठड्याला न धरता उतरल्या.

टॅक्सी मिळाली, पण टॅक्सी मिळाली म्हणजे रस्ता मिळाला असं थोडंच आहे. दुपारची वेळ, शाळा सुटलेल्या, जागोजागी गाड्या तुंबलेल्या. बाई पुढच्या सीटच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि एकेका सिग्नलला त्यांचा जीव खालीवर होत होता. फोन लावत होत्या. वाजत होता. धाकटीच्या नवऱ्याला लावला, तो बंद. इमारतीतल्या कुणाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. दरवेळी तिच्याकडे गेलं की त्या धाकटीला सांगायच्या, शेजाऱ्यांचा नंबर दे, कधी वेळ येईल सांगता येत नाही, आणि धाकटी म्हणायची, ताई, तू वेळ आणतेस गं. 

त्यांना धाकटीचं न्हाणीघर डोळ्यांसमोर दिसत होतं. एवढंसं. दाराच्या फटीतून गार वारा येतो म्हणून धाकटी पायपुसणं गुंडाळून फटीला लावायची, हे त्यांनी स्वतः बघितलेलं होतं आणि तेव्हा "छान युक्ती आहे" असंही म्हटलं होतं. चिमीला पाण्यात बसायला आवडायचं. बाहेर काढलं की रडायची, म्हणून धाकटी तिला बसू द्यायची. बाईंनी डोळे मिटून घेतले, तर आत ते जास्तच स्पष्ट दिसायला लागलं.

त्यांनी मालकाला फोन केला. "ते ज्योतीचं पान काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

"बाई, काका इथंच बसलेत, ते पण काहीतरी म्हणताहेत, पण नीट सांगाल का? ते पान सगळ्यात वर आहे. आज काढलं तर पुन्हा वर यायला काय लागतं तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी शांतपणे बघू."

"माझी बहीण आत बसलीय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा चढला की टॅक्सीवाल्यानं आरशातून मागे बघितलं. मग त्यानं काही न विचारता गाडी एका गल्लीत घातली आणि भलत्याच बाजूनं काढली. भला माणूस.

धाकटीच्या दाराची बेल बाईंनी दाबली ती सोडलीच नाही. आतून काही हालचाल नव्हती. त्यांनी दारावर मुठी आपटल्या. समोरच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि काय झालं, काय झालं करायला लागले. आणि मग कडी निघाली. दारात धाकटी उभी होती. केस ओले, चेहरा पांढराफटक, एक हात भिंतीला.

"काय गं ताई, किती वाजवतेस," ती पुटपुटली. "डोकं फुटायला आलंय माझं. जरा पडले होते."

"चिमी कुठाय?"

"झोपलीय. आंघोळ झाली आणि लगेच झोपली, गुणी बाळासारखी."

चिमी दुपारी कधी झोपत नसे. झोपवायला गेलं की घर डोक्यावर घेणारी पोर ती. बाई आत धावल्या. चिमी पलंगावर टॉवेलात गुंडाळलेली होती, तोंड थोडं उघडं. बाईंनी हाक मारली. खांदा हलवला. मान एका बाजूला पडली आणि तशीच राहिली. बाईंनी आयुष्यभर हजार गोष्टींची भीती बाळगली होती, पण त्या सगळ्या भीत्या एकत्र केल्या तरी त्या मानेपुढे काहीच नव्हत्या. त्यांनी पोरीला उचललं आणि सरळ गॅलरीत नेलं, गार वाऱ्यात. "चिमे, ए चिमे, मावशी आलीय," असं म्हणत त्या तिच्या गालावर चापट्या मारत राहिल्या. म्हातारे गृहस्थ घरातल्या खिडक्या धडाधड उघडत सुटले. कितीतरी वेळानं, की लगेच, बाईंना कधी सांगता आलं नाही, पोरीनं डोळे किलकिले केले आणि मावशीच्या अंगावर भडभडून ओकली. बाईंना ते इतकं बरं वाटलं की त्या रडायलाच लागल्या.

हॉस्पिटलात दोघींच्या तोंडाला ऑक्सिजनचे मास्क लावले. रक्त काढून नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, भराभर बोलायची. वेळेवर आणलंत, म्हणाली. लहान मूल आईच्या आधी खचतं, थोडा उशीर झाला असता तर ती झोप उतरली नसती. आजची रात्र इथंच ठेवू, लक्ष ठेवावं लागेल, पण पोर आता शुद्धीवर आहे. मग तिनं धाकटीकडे वळून विचारलं, "पण गीझर चालू असताना खिडकी बंद करायची बुद्धी कुणी दिली तुम्हाला?"

धाकटीनं मास्क जरा बाजूला केला. "फोननं सांगितलं," ती म्हणाली आणि फोन काढून ते उत्तर डॉक्टरीणबाईला दाखवलं. तिनं वाचलं, मान हलवली, आणि यंत्राला काय कळतंय असं काहीतरी म्हणत पुढच्या खाटेकडे गेली.

"यंत्रानं कुठूनतरी उचललं असेल ना पण," धाकटी म्हणाली. ती आता चिमीच्या केसांतून हात फिरवत होती आणि तिला राग येऊ लागला होता. "कुणीतरी माणसानंच लिहिलं असेल की. त्याच्या घरी पोरंबाळं नसतील का गं, ताई?"

बाईंना गप्प राहता आलं असतं. खाली नाव काकांच्या दुकानाचं होतं, बाईंचं नव्हतं. ते कधीच नसतं. बहीण तुटेल याची त्यांना भीती वाटली, आणि त्याहून मोठी भीती ही वाटली की आपण आत्ता बोललो नाही तर हे कायमचं गिळून बसू.

"मी लिहिलंय ते," त्या म्हणाल्या.

धाकटी आधी हसली, थट्टा आहे असं समजून. मग ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बाईंनी सगळं सांगितलं, ते दोन प्रश्न, ती दोन पानं, सावधगिरीच्या सूचनेचं वेगळं पान. सांगता सांगता त्यांनाच ते किती वेडगळ वाटायला लागलं. धाकटीनं चिमीला स्वतःकडे ओढून घेतलं, बाईंचा हात लागणार नाही एवढ्या पलीकडे. ती बोलली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं.

बाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या आणि मालकाला फोन लावला. काकांनी त्याला तोवर सगळं समजावलेलं दिसलं. "पोर कशी आहे?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "तोडा म्हणून मीच सांगितलं होतं बाई. तुम्हाला हवं ते लिहा. मी लगेच चढवतो आणि यंत्राला पान पुन्हा वाचायला लावतो."

बाईंनी फोनवरच लिहिलं. "ज्योत विझते म्हणून खिडकी लावून आंघोळ करू नका, त्यानं माणूस मरतो." ही पहिली ओळ. मग काकांचं सगळं, जसंच्या तसं, बाबांनोसकट. मालकानं पान चढवलं. बाई बाकावर बसून फोनला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत राहिल्या. फोन पुन्हा पुन्हा तेच जुनं वाक्य सांगत राहिला. होईल, वेळ लागतो, त्या स्वतःला समजावत होत्या. वॉर्डबॉयनं येऊन चहा विचारला, तो त्यांनी नको म्हटला.

अंधारून येत होतं तेव्हा उत्तर बदललं. म्हणजे उत्तर तेच राहिलं, खालचं नाव बदललं. काकांचं दुकान गेलं होतं. त्या जागी कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या गीझर कंपनीचं नाव होतं. बाईंनी ते पान उघडलं. वर त्यांचंच वाक्य, एक काना-मात्रा इकडचा तिकडे नाही.

हे कसं झालं ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या धंद्यात जो वर असतो त्याचं वाक्य बाकीचे उचलतात. त्यांच्या ऑफिसातली पोरंही उचलायची आणि त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. आणि विचारणाऱ्याला ज्योत कशी टिकवायची ते हवं असताना काकांचं नवं पान "करू नका" म्हणून सुरू होत होतं. यंत्राला ते उत्तरच वाटलं नाही. त्यानं ते बाजूला ठेवलं आणि शेजारच्याच्या दारात गेलं. सावध करणारं पान मागे पडलं, आणि न करणारं वर आलं.

बाईंनी त्या कंपनीला फोन केला. कार्यालय बंद झाल्याचं एक गोड आवाज सांगत होता. मेल लिहिली. त्या एका कंपनीमागे आणखी किती असतील याचा विचार त्यांच्या मनात आला. कुठेतरी आत्ता, या मिनिटाला, कुणीतरी अंगावर काटा आलेला, हातात फोन घेऊन विचारत असेल. आणि त्या माणसाच्या घरी जाऊन बेल दाबणारं कुणी नव्हतं.

त्या आत गेल्या तेव्हा धाकटी मास्क हनुवटीखाली ओढून बसली होती. चिमी जागी होती आणि मास्कच्या रबराशी खेळत होती. धाकटीनं ताईकडे बघितलं, पण सरकून जागा दिली नाही.

"बदललंस?"

"हो."

"मग आता नाही ना सांगणार तो तसं?"

बाईंनी हातातल्या फोनकडे बघितलं. धाकटीनं स्वतःचा फोन उचलला आणि मोठ्यानं विचारलं. वॉर्डात शांतता होती. फोन नेहमीच्या थंड, समजूतदार आवाजात म्हणाला, गॅस गीझरची ज्योत वारंवार विझत असेल, तर बाथरूमची खिडकी बंद करा आणि ज्योत पुन्हा पेटवा. चिमीनं आवाजाच्या दिशेनं बघितलं. धाकटीनं फोन उशीवर उलटा टाकला.

पलीकडच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये अडकवलेली एक बाई होती. दुपारपासून एकटीच होती बिचारी, बोलायला माणूस शोधत होती. ती हसून म्हणाली, "अगदी बरोबर सांगतो हं तो. आमचीपण ज्योत सारखी विझायची. परवा सुनेनं यालाच विचारलं, तेव्हापासून एकदाही..."

जपूनबाई तिचं बोलणं संपायच्या आत तिच्या खाटेजवळ पोचल्या होत्या. मागोमाग धाकटीही मास्कची नळी ओढत उठून उभी राहिली.

"तुमच्या घरी आत्ता कोण आहे?" बाईंनी विचारलं. "त्यांना फोन लावा."